अणुशास्त्रज्ञ ओपेनहायमर यांचे गीताध्ययन

इ. स. १९३३ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्कली येथे, कॅलिफोर्निया विद्यापीठात, एक अध्यापक दुसऱ्या अध्यापकाकडे विद्यार्थी होऊन गेला. जाणारा भौतिकशास्त्राचा अध्यापक होता. त्याचे वय अवघे एकोणतीस वर्षांचे, परंतु अणूच्या अंतरंगाचा शोध घेणाऱ्या नव्या शास्त्रात त्याचे नाव युरोप-अमेरिकेतील विद्वानांना परिचित झाले होते. ज्यांच्याकडे तो गेला ते संस्कृतचे अध्यापक आर्थर रायडर. विद्यार्थ्याचे नाव ज्यूलियस रॉबर्ट ओपेनहायमर. पुढे बारा वर्षांनी याच विद्यार्थ्याच्या नेतृत्वाखाली जगातील पहिला अणुस्फोट झाला, आणि गीतेच्या अकराव्या अध्यायातील एका श्लोकाचा अर्थ त्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

या योगाविषयी दोन प्रकारची मते ऐकू येतात. गीतेपुढे पाश्चात्त्य विज्ञानानेही मस्तक नमविले, असे म्हणून कोणी धन्यता मानतात. गीतेच्या आधारानेच एवढा संहार घडला, असा ठपका दुसरे कोणी ठेवतात. दोन्ही मते घाईची आहेत. ओपेनहायमर यांचे चरित्र आणि त्यांनी वाचलेला ग्रंथ ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिली म्हणजे त्यांतून निघणारा बोध या दोन्ही मतांहून निराळा व अधिक कठीण आहे, असे दिसून येते.

बालपण आणि विद्याभ्यास

ओपेनहायमर यांचा जन्म न्यूयॉर्क येथे २२ एप्रिल १९०४ रोजी झाला. वडील ज्यूलियस हे जर्मनीतील हानाऊ गावाहून १८८८ मध्ये अमेरिकेत आले आणि कापडाच्या व्यापारात त्यांनी मोठी संपत्ती मिळविली. आई एला ही चित्रकार होती. घरात व्हॅन गॉगसारख्या चित्रकारांची मूळ चित्रे होती. कुळ ज्यू असले तरी घरात ज्यू धर्माचा आचार नव्हता. मुलाला ज्या शाळेत घातले ती फेलिक्स अ‍ॅडलर यांनी स्थापिलेल्या नीतिसंस्कृती मंडळाची होती. ईश्वराविषयी कोणाची श्रद्धा काय आहे याची चौकशी न करता मनुष्याने कर्तव्य कसे करावे यावरच भर देणे, हे त्या मंडळाचे ब्रीद. कर्तव्याचा विचार हा त्यांच्या बालमनावरचा पहिला संस्कार होय. ही गोष्ट पुढील कथाभाग समजण्यासाठी ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

१९२२ मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि चार वर्षांचा रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम तीन वर्षांत संपवून १९२५ मध्ये उच्च श्रेणीने पदवीधर झाले. तेथेच ग्रीक, लॅटिन व फ्रेंच वाङ्मयाची गोडी त्यांना लागली. नंतर इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काढलेले वर्ष मात्र त्यांना फार जड गेले. हातात प्रयोगकौशल्य नाही, मनाला स्वास्थ्य नाही, अशा अवस्थेत ते खिन्नतेच्या गर्तेत सापडले. तेथून त्यांना बाहेर काढले ते सैद्धांतिक भौतिकशास्त्राने. १९२६ मध्ये ते जर्मनीत गटिंगेन येथे माक्स बोर्न यांच्याकडे गेले आणि १९२७ मध्ये त्यांनी डॉक्टर ही पदवी संपादिली.

त्याच वर्षी गुरुशिष्यांनी मिळून लिहिलेला निबंध आजही रसायनशास्त्राच्या पायाशी आहे. रेणूमध्ये अणुगर्भ आणि इलेक्ट्रॉन या दोहोंची गती एकाच वेळी मोजावयाची म्हटले तर गणित हाताबाहेर जाते. परंतु सर्वांत हलका अणुगर्भसुद्धा इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८३६ पट जड असतो. म्हणून जड अणुगर्भ क्षणभर स्थिर आहेत असे मानून त्यांच्याभोवती धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे गणित आधी सोडवावे, आणि मग अणुगर्भांच्या मंद हालचालीकडे वळावे, अशी ही युक्ती आहे. बोर्न-ओपेनहायमर पद्धती या नावाने ती प्रसिद्ध आहे.

१९२९ पासून बर्कली आणि पॅसाडीना अशा दोन ठिकाणी ते शिकवू लागले. पाहता पाहता बर्कली हे अमेरिकेतील सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे श्रेष्ठ विद्यापीठ झाले. १९३० मध्ये त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. डिरॅक यांच्या समीकरणातून निघणारा धनविद्युत्‌भारित कण प्रोटॉन असू शकत नाही, त्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकेच असले पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादिले. १९३२ मध्ये अँडरसन यांना असाच कण, पॉझिट्रॉन, प्रत्यक्ष सापडला. १९३९ मध्ये आपले विद्यार्थी हार्टलंड स्नायडर यांच्यासह त्यांनी दाखविले की, इंधन संपलेला पुरेसा जड तारा स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आत आत कोसळत जातो आणि अखेरीस त्याच्यापासून प्रकाशसुद्धा बाहेर पडू शकत नाही. आज ज्यास कृष्णविवर म्हणतात त्याचे हे पहिले सुस्पष्ट गणित. तो निबंध प्रसिद्ध झाला १ सप्टेंबर १९३९ रोजी, म्हणजे ज्या दिवशी जर्मनीने पोलंडवर आक्रमण करून दुसऱ्या महायुद्धास आरंभ केला त्याच दिवशी. युद्धाच्या धुमाळीत त्या निबंधाकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

गुरू आणि शिष्य

आर्थर रायडर (१८७७–१९३८) यांची योग्यता सामान्य नव्हती. शूद्रकाचे मृच्छकटिक, कालिदासाचे शाकुंतल, दंडीचे दशकुमारचरित, विष्णुशर्म्याचे पंचतंत्र आणि भगवद्‌गीता या ग्रंथांची त्यांनी इंग्रजीत भाषांतरे केली. त्यांतील गीतेचे भाषांतर १९२९ मध्ये निघाले. त्या काळी पाश्चात्त्य विद्यापीठांत संस्कृत भाषा प्रायः तुलनात्मक व्याकरणाचे साधन म्हणून शिकविली जाई. शब्दांची हाडे वेगळी करून पाहणे हेच तेथील पुष्कळ विद्वानांचे काम असे. रायडर यांना हे मान्य नव्हते. संस्कृत शिकावयाची ती तिच्यातील थोर वाङ्मय वाचून त्याचा आस्वाद घेण्यासाठी, असा त्यांचा आग्रह असे.

अशा गुरूकडे ओपेनहायमर गेले. विद्यापीठातील अध्यापनाचा भार सांभाळून ते रायडर यांच्या घरी सायंकाळी पाठ घेत. थोड्याच महिन्यांत ते गीता मूळातून वाचू लागले. धाकटा भाऊ फ्रँक याला लिहिलेल्या पत्रांतून त्यांनी गीतेच्या सुगमतेविषयी व सौंदर्याविषयी हर्ष प्रकट केला आहे, आणि पुन्हा एकदा शिष्य होऊन शिकण्यात किती सुख आहे हेही सांगितले आहे. पुढे रायडर यांच्यासमवेत त्यांनी मेघदूत वाचले. भर्तृहरीची शतके त्यांना विशेष प्रिय झाली. आपल्या मोटारगाडीला त्यांनी ‘गरुड’ असे नाव दिले होते. गीतेची एक जीर्ण झालेली प्रत त्यांच्या मेजाजवळ असे, आणि स्नेह्यांना गीतेच्या प्रती भेट देण्याची त्यांना आवड होती.

हे वेड केवळ नावीन्याचे होते काय? तसे दिसत नाही. संस्कृतचा श्रीगणेशा करण्यापूर्वीच, मार्च १९३२ मध्ये, त्यांनी भावाला एक दीर्घ पत्र लिहिले होते. मनुष्याने स्वतःस शिस्त लावून घेतली म्हणजे त्याचे चित्त शांत होते, प्रतिकूल परिस्थितीतही जे सारभूत आहे ते राखता येते, आणि जे अत्यावश्यक वाटत होते त्याचा त्याग सहज करता येतो, असा त्या पत्राचा आशय आहे. अध्ययन, लोकांविषयीचे कर्तव्य, युद्ध आणि वैयक्तिक संकट या सर्वांचे स्वागत करावे, कारण त्यांच्या योगे अनासक्ती साधते, असेही ते त्यात म्हणतात. म्हणजे भूमी आधीच नांगरलेली होती. गीतेचे बीज त्या भूमीत पडले.

तथापि ओपेनहायमर यांनी हिंदू धर्म स्वीकारला, असे कोणी समजू नये. त्यांनी दीक्षा घेतली नाही, उपासना केली नाही, कोणत्याही संप्रदायाशी नाते जोडले नाही. ते जिज्ञासू वाचक होते, साधक नव्हते. पुष्कळांच्या लिखाणात हा भेद पुसला जातो, म्हणून तो येथे स्पष्ट केला पाहिजे. शिवाय त्यांच्या या आवडीविषयी सर्वच स्नेही प्रसन्न नव्हते. त्यांचे मित्र व थोर भौतिकशास्त्रज्ञ इझिडॉर राबी यांचे मत असे होते की, धर्मविचाराच्या, विशेषतः हिंदू धर्मविचाराच्या, वाचनामुळे ओपेनहायमर यांच्या मनाभोवती विश्वाच्या गूढतेचे धुके जमले, आणि त्यामुळे भौतिकशास्त्रात जेथे पाऊल धीटपणे टाकावयाचे तेथे ते थबकले. ओपेनहायमर यांना नोबेल पारितोषिक कधीच मिळाले नाही, हे खरे. परंतु १९३० आणि १९३९ चे त्यांचे कार्य पाहता, राबींचे हे निदान पूर्णपणे पटण्यासारखे नाही. प्रज्ञा अनेक विषयांत विखुरली जाणे हा एक दोष आहे. पण तो दोष कोणत्या ग्रंथाच्या माथी मारावा, याचा विचार झाला पाहिजे.

लॉस अलामॉस

१९३८ च्या अखेरीस जर्मनीत युरेनियमच्या अणुगर्भाचे विभाजन सिद्ध झाले, आणि हिटलरच्या हाती अणुबाँब पडेल ही भीती शास्त्रज्ञांना ग्रासू लागली. अमेरिकेने गुप्तपणे हे काम हाती घेतले. जनरल लेस्ली ग्रोव्ह्‌ज यांनी १९४२ मध्ये ओपेनहायमर यांची निवड केली, आणि १९४३ च्या वसंतात न्यू मेक्सिकोच्या पठारावर लॉस अलामॉस येथे प्रयोगशाळा सुरू झाली. ज्यांना केंब्रिजमध्ये साधी उपकरणे हाताळणे जमले नव्हते, तेच काही हजार माणसांच्या या नगरीचे सूत्रधार झाले.

या काळात गीता त्यांच्यापासून दूर गेली नव्हती. १२ एप्रिल १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट निवर्तले. त्या रविवारी लॉस अलामॉस येथे झालेल्या शोकसभेत ओपेनहायमर यांनी गीतेच्या सतराव्या अध्यायातील श्रद्धेविषयीच्या वचनाचा आधार घेतला. मनुष्य श्रद्धामय आहे आणि जशी ज्याची श्रद्धा तसा तो असतो, हे त्या वचनाचे तात्पर्य. त्याचप्रमाणे अणुस्फोटाच्या चाचणीपूर्वीच्या रात्रींपैकी एका रात्री त्यांनी व्हॅनिव्हर बुश यांना आपण स्वतः भाषांतरित केलेला एक संस्कृत श्लोक म्हणून दाखविला, असे बुश यांनी नमूद केले आहे. रणात, वनात, गिरिशिखरावर वा महासागरात मनुष्याचे रक्षण त्याने पूर्वी केलेली पुण्येच करतात, अशा अर्थाचा तो श्लोक भर्तृहरीच्या नीतिशतकात आढळतो. संकटाच्या क्षणी ज्याला जे आठवते त्यावरून त्याच्या अध्ययनाची खोली समजते. या माणसाला भर्तृहरी आठवला.

१६ जुलै १९४५ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात ‘ट्रिनिटी’ या सांकेतिक नावाची चाचणी झाली. या नावाचा संबंध काहींनी ब्रह्मा-विष्णु-महेश या त्रिमूर्तीशी जोडला आहे. परंतु ओपेनहायमर यांनी स्वतः १९६२ मध्ये ग्रोव्ह्‌ज यांना कळविले की, नाव सुचताना आपल्या मनात इंग्रज कवी जॉन डन यांची कविता होती. जे आपले नाही ते आपले म्हणण्याचा मोह येथेही आवरला पाहिजे.

स्फोटाच्या क्षणी ओपेनहायमर यांनी गीतेचा श्लोक मोठ्याने उच्चारला, अशी समजूत रूढ आहे. तिला आधार नाही. जवळ असलेला भाऊ फ्रँक याच्या आठवणीप्रमाणे, ‘जमले’ एवढाच भाव त्या वेळच्या उद्गारात होता. श्लोकाची कथा १९४८ च्या सुमारास छापून येऊ लागली, आणि १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत ओपेनहायमर यांनी ती स्वमुखाने सांगितली. काही लोक हसले, काही रडले, बहुतेक जण स्तब्ध राहिले, आणि आपणांस गीतेतील तो प्रसंग आठवला, असे त्यांनी सांगितले. त्यांचा कृश झालेला चेहरा आणि ओलावलेले डोळे ज्यांनी त्या चित्रफितीत पाहिले आहेत त्यांना, ही केवळ वाक्चातुर्याची गोष्ट नव्हती, हे सांगावे लागत नाही.

‘काल’ शब्दाचा अर्थ

ओपेनहायमर यांच्या तोंडी इंग्रजीत जो शब्द आला तो ‘मृत्यू’ असा आहे. मूळात शब्द ‘काल’ असा आहे. भाषांतर चुकले, असे काही टीकाकार म्हणतात. परंतु ‘काल’ या शब्दाचा मृत्यू हा अर्थ कोशांना व व्यवहाराला संमत आहे. मराठीतही ‘काळाने झडप घातली’ असे आपण म्हणतोच. शिवाय रायडर यांनी आपल्या भाषांतरात मृत्यू हाच अर्थ घेतला होता. शिष्याने गुरूचा अर्थ उचलला. म्हणून ही चूक नव्हे. मात्र यात अर्थसंकोच अवश्य आहे. मृत्यू एका प्राण्याला एकदा येतो. काल सर्वांना सतत पचवीत असतो. कुरुक्षेत्रावर भगवंतांनी दाखविले ते एखाद्या शस्त्राचे सामर्थ्य नव्हते. ज्याच्या मुखात शस्त्र, शस्त्रधारी आणि शत्रू हे सर्वच प्रवेश करीत आहेत असे ते तत्त्व होते.

याहून महत्त्वाचा प्रश्न वक्त्याचा आहे. ‘काल मी आहे’ असे म्हणणारे भगवान आहेत, अर्जुन नव्हे. मग ओपेनहायमर यांनी ते वाक्य स्वतःविषयी उच्चारले काय? मुलाखतीतील प्रास्ताविक नीट ऐकले तर तसे वाटत नाही. राजपुत्राने आपले कर्तव्य करावे म्हणून विष्णू त्याचे मन वळवीत आहेत आणि त्यासाठी आपले विराट रूप प्रकट करीत आहेत, असे ते आधी सांगतात. म्हणजे त्यांनी स्वतःला कल्पिले ते अर्जुनाच्या जागी. ज्याला विश्वरूप पाहून कंप सुटला, तो अर्जुन. अमेरिकन इतिहासकार जेम्स हिजिया यांनी २००० मध्ये लिहिलेल्या निबंधात असेच सुचविले आहे की, स्वधर्माचरण, दैवाधीनता आणि अनासक्ती या गीतेतून घेतलेल्या कल्पनांच्या बळावर ओपेनहायमर यांनी आपले काम तडीस नेले.

येथेच खरी अडचण उभी राहते. १६ जून १९४५ रोजी ओपेनहायमर, फर्मी, लॉरेन्स आणि कॉम्प्टन या चार शास्त्रज्ञांच्या मंडळाने सरकारला अहवाल दिला. युद्ध थांबेल असे कोणतेही निव्वळ प्रात्यक्षिक आम्ही सुचवू शकत नाही, प्रत्यक्ष लष्करी वापराला स्वीकारार्ह पर्याय दिसत नाही, आणि राजकीय, सामाजिक वा लष्करी प्रश्न सोडविण्याची विशेष योग्यता शास्त्रज्ञ म्हणून आमच्याकडे नाही, असा त्याचा आशय होता. ‘निमित्तमात्र हो’ या उपदेशाचे हे रूप असेल, तर ते रूप तपासून पाहिले पाहिजे. कारण तोवर जर्मनी शरण आला होता. ज्या भयापोटी काम आरंभिले ते भय उरले नव्हते. जोसेफ रॉटब्लॅट हे शास्त्रज्ञ तर जर्मनीकडे बाँब नाही असे कळताच १९४४ च्या अखेरीस लॉस अलामॉस सोडून गेले होते. पुढे १९९५ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा दुसरा मार्ग नव्हताच असे म्हणता येत नाही.

६ ऑगस्ट रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्ट रोजी नागासाकीवर बाँब पडले. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७०,००० माणसे मृत्यू पावली, असा अंदाज आहे. त्यांत स्त्रिया, मुले, वृद्ध होते.

गीतेचा आशय ठरवावयाचा तो एका श्लोकावरून नव्हे. उपक्रम आणि उपसंहार पाहून ग्रंथाचे तात्पर्य निश्चित करावे, असा मीमांसकांचा दंडक आहे. गीतेचा उपक्रम अर्जुनाच्या विषादात आहे. ज्यांना मारावयाचे त्यांचे चेहरे त्याने दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा करून पाहिले, आणि मग त्याच्या हातून धनुष्य गळाले. उपसंहारात भगवंत त्याला आज्ञा करीत नाहीत. सांगितलेल्या ज्ञानाचा संपूर्ण विचार करून तुला जसे वाटेल तसे कर, असे म्हणतात. निमित्तमात्र होण्याचा उपदेश अकराव्या अध्यायात आहे आणि विचार करून निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य अठराव्या अध्यायात आहे. पहिला उपदेश दुसऱ्याला बाद करीत नाही. जो निमित्त होतो तो विचाराच्या भारातून मुक्त होत नाही.

आणखी एक गोष्ट. गीता ज्या महाभारतात आहे त्याच महाभारतात सौप्तिकपर्वही आहे. निद्रिस्त वीरांना मारणारा अश्वत्थामा शेवटी ब्रह्मशिर अस्त्र सोडतो; त्याच्या शमनार्थ अर्जुनही अस्त्र सोडतो. ऋषी मध्ये उभे राहून दोघांना अस्त्रे मागे घेण्यास सांगतात. अर्जुन संयमी असल्यामुळे आपले अस्त्र परत घेऊ शकतो. अश्वत्थाम्याला सोडणे ठाऊक असते, परत घेणे जमत नाही. ते अस्त्र अखेर उत्तरेच्या गर्भावर जाते. या कथेवरून प्राचीन काळी अणुबाँब होता असे सिद्ध करू पाहणाऱ्यांचे म्हणणे निराधार आहे. पण कथेचा नैतिक अर्थ निराधार नाही. जे परत घेता येत नाही ते सोडणाऱ्याची गणना व्यासांनी वीरांत केलेली नाही. ओपेनहायमर यांनी गीतेच्या मागे-पुढे असलेला हा भागही मनाशी धरला असता तर जून १९४५ चा अहवाल वेगळा झाला असता काय, हे कोण सांगणार? परंतु प्रश्न विचारण्याजोगा आहे.

उत्तरायुष्य

युद्धानंतरच्या ओपेनहायमर यांचे वर्तन पाहता, हा प्रश्न त्यांना स्वतःला पडला नव्हता असे म्हणता येत नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना भेटून, आपले हात रक्ताने माखले आहेत असे वाटते, हे त्यांनी सांगितले. ट्रूमन यांना ते मुळीच रुचले नाही. १९४७ मध्ये एका व्याख्यानात, भौतिकशास्त्रज्ञांना पापाची ओळख झाली आहे, अशी कबुली त्यांनी दिली. १९४६ मध्ये अणुशक्तीवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण असावे या योजनेत त्यांचा मोठा वाटा होता. ऑक्टोबर १९४९ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने हायड्रोजन बाँब झपाट्याने बनविण्याच्या विरुद्ध मत दिले. ज्यांनी १९४५ मध्ये हा आमचा प्रांत नव्हे असे म्हटले होते, त्यांनीच आता तो आपला प्रांत मानला.

त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. तरुणपणी साम्यवादी मंडळींशी असलेला संबंध, आणि १९४३ मध्ये एका मित्राच्या संदर्भात सुरक्षा अधिकाऱ्यांना सांगितलेली खोटी हकीकत, ही निमित्ते पुढे करून १९५४ मध्ये त्यांची चौकशी झाली. ती हकीकत बनावट होती हे त्यांनी चौकशीत स्वतः मान्य केले. हा त्यांच्या शीलातील डाग झाकण्याचे कारण नाही. २९ जून १९५४ रोजी अणुशक्ती आयोगाने चार विरुद्ध एक मतांनी त्यांचा गुप्त कागदपत्रे पाहण्याचा अधिकार काढून घेतला. १९६३ मध्ये त्यांना सरकारचा फर्मी पुरस्कार देण्यात आला. पण तो निर्णय रद्द झाला नाही. तो रद्द झाला १६ डिसेंबर २०२२ रोजी, म्हणजे त्यांच्या निधनानंतर पंचावन्न वर्षांनी.

१९४७ ते १९६६ पर्यंत ते प्रिन्स्टन येथील उच्च अध्ययन संस्थेचे संचालक होते. गणित व भौतिकशास्त्र यांच्या जोडीला इतिहास आणि काव्य यांनाही तेथे मानाचे स्थान असावे, असा त्यांचा प्रयत्न असे. कवी एलियट १९४८ मध्ये तेथे त्यांचे अतिथी होते. १९५३ मध्ये लंडनच्या नभोवाणीवर दिलेल्या व्याख्यानांत विज्ञान व सर्वसामान्य जीवन यांचा संबंध त्यांनी उलगडला. अणुशास्त्रातील नवे विचार भारतीय व बौद्ध तत्त्वज्ञानास सर्वस्वी अपरिचित नाहीत, जुन्या शहाणपणाचेच ते एक उदाहरण व सूक्ष्म संस्करण आहे, असे ते म्हणत. परंतु उपनिषदांत इलेक्ट्रॉन सापडतो, असे ते कधीही म्हणाले नाहीत. सादृश्य आणि तादात्म्य यांतील भेद त्यांनी जपला. १९६३ मध्ये आपल्या जीवनदृष्टीस आकार देणारे ग्रंथ कोणते, असे एका नियतकालिकाने विचारले तेव्हा त्यांनी दहा ग्रंथांची नावे दिली. त्यांत दांते, शेक्सपियर, प्लेटो व फॅरेडे यांच्या शेजारी दोन संस्कृत ग्रंथ होते, भगवद्‌गीता आणि भर्तृहरीचे शतकत्रय.

१८ फेब्रुवारी १९६७ रोजी, घशाच्या कर्करोगाने, वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्यांचे प्रिन्स्टन येथे निधन झाले. त्यांची रक्षा कॅरिबियन समुद्रात, सेंट जॉन बेटाजवळ विसर्जित करण्यात आली.

समारोप

ओपेनहायमर यांचे संस्कृताध्ययन हा शोभेचा अलंकार नव्हता. परदेशी माणसाने, परक्या लिपीत, शास्त्राच्या व्यापातून वेळ काढून, गुरूच्या पायाशी बसून गीता मूळातून वाचावी, ही गोष्ट संस्कृतच्या प्रत्येक विद्यार्थ्याला लाजविणारी आणि उत्साह देणारी आहे. ज्यांच्या घरी ही पोथी पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांतील कितीजण ती अर्थासह उघडतात?

परंतु त्यांच्या चरित्रात एक इशाराही आहे. ग्रंथ पाठ होणे वेगळे आणि ग्रंथाने आपली परीक्षा घेणे वेगळे. अनासक्ती म्हणजे परिणामाकडे पाठ फिरविणे नव्हे. फलाची आशा सोडावी असे गीता सांगते. आपल्या कर्माने इतरांस काय भोगावे लागेल याचा विचार सोडावा असे ती कोठेही सांगत नाही. सर्वभूतहिताचा पुरस्कार करणारा ग्रंथ असे सांगणारही नाही. ओपेनहायमर यांनी कर्म केले, कौशल्याने केले. पण कर्म झाल्यावर त्यांच्या मनाला ती शांती लाभली नाही, जी स्थितप्रज्ञाला लाभते. त्यांना पाप जाणवले. गीतेच्या दृष्टीने हा त्यांचा पराभव मानावा काय? तसे वाटत नाही. अर्जुनाचा विषाद जर गीतेच्या आरंभी शोभला, तर ओपेनहायमर यांचा विषाद त्यांच्या कर्माच्या अंती आला, एवढाच फरक. तो आधी आला असता तर बरे झाले असते. तो मुळीच आला नसता, तर मात्र त्यांचे सारे गीताध्ययन व्यर्थ गेले असे म्हणावे लागले असते.